लेखणी कोणाची, भाषा कोणाची?

(शिक्षक व कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा आशय)



शाळेत मुलांना लिहायला शिकवतात असा आपला समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत मुलांना उतरवून घ्यायला शिकवतात. फळ्यावरचे वहीत, मार्गदर्शकातले उत्तरपत्रिकेत, असा अक्षरांचा एकमार्गी प्रवास दहा वर्षे चालतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावरचे निबंध तपासायला घ्यावेत, तर साऱ्यांच्या पावसात मोर नाचतो आणि साऱ्यांच्या आकाशात इंद्रधनुष्य उमटते. ज्या मुलाच्या झोपडीत त्या दिवशी गुडघाभर पाणी शिरले होते, त्याच्याही निबंधात मोरच नाचतो. स्वतःचा पाऊस लिहायचा नसतो, परीक्षकाचा लिहायचा असतो, हे ते मूल कोणी न सांगताच शिकलेले असते.

हा प्रश्न अनेक भाषांच्या वर्गात अधिकच तीव्र होतो. घरी एक भाषा, वस्तीत दुसरी आणि शाळेत तिसरी, अशा मुलाने स्वतःचे काही लिहायचे कसे? यावर शहाणीसुरती माणसे एक क्रम सुचवतात. आधी प्रमाणभाषा पक्की करावी, शुद्धलेखन सुधारावे; सर्जनशील लेखन ही नंतरची चैन आहे. हा क्रम वरवर व्यवहारी वाटतो. तो बरोबर आहे की उलटा, हे पाहण्यासाठी लंडनच्या पूर्व भागातील एका जुन्या प्रकरणाकडे वळणे उपयोगी ठरेल.

टेम्स नदीच्या गोद्यांना लागून असलेला हा भाग पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतरितांचा आहे. तेथील ब्रिक लेन या रस्त्यावर एक इमारत उभी आहे. १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट विणकरांच्या समाजाने ती प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. पुढे ती मेथॉडिस्ट पंथाकडे गेली, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून ती बंगाली मुसलमानांची मशीद आहे. माणसे बदलली, भाषा बदलल्या, देव बदलले. शिवणकामाच्या कोंदट खोल्या आणि तुटपुंजी मजुरी मात्र एका समाजाकडून दुसऱ्याकडे वारसाहक्काने जावी तशी जात राहिली.

या भागातील स्टेपनी येथे १९७० मध्ये ख्रिस सर्ल नावाचा तरुण इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झाला. वर्गात गोदी कामगारांची मुले होती, स्थलांतरित कुटुंबांचीही होती. त्याने या मुलांना त्यांच्या रस्त्यांची, घरांची, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची छायाचित्रे दाखवली, त्यांना वस्तीतून हिंडवून आणले आणि जे दिसते, जे वाटते ते लिहा म्हणून सांगितले. मुलांनी कविता लिहिल्या. त्या छापाव्यात असे ठरले, तेव्हा शाळेच्या नियामक मंडळाने नकार दिला. कविता फार उदास आहेत असा आक्षेप होता. सर्लने १९७१ मध्ये वस्तीच्या मदतीने ‘स्टेपनी वर्ड्‌स’ या नावाने त्या छापल्या आणि त्याची नोकरी गेली.

पुढे जे घडले ते शिक्षणाच्या इतिहासात विरळा आहे. त्याला काढल्याचे कळताच सुमारे ८०० मुलामुलींनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि त्यांचा मोर्चा शहराच्या मध्यवर्ती ट्रॅफल्गार चौकापर्यंत गेला. शिक्षक संघटना सर्लच्या बाजूने उभी राहिली आणि १९७३ मध्ये त्याला परत कामावर घेणे भाग पडले. त्या वेळी शिक्षणमंत्रिपदी मार्गारेट थॅचर होत्या, ही इतिहासाची थट्टाच म्हणायची.

कवितांवर व्याकरणाचा किंवा अश्लीलतेचा आक्षेप घेतला गेला नव्हता. उदासपणाचा आक्षेप होता. आपली वस्ती कशी दिसते हे मुलांनी लिहिले आणि ती तशी दिसते हे सांगणेच अपराध ठरले. गरिबाच्या मुलाने लिहायला शिकावे याला कोणाचा विरोध नसतो; अर्ज लिहावेत, पावत्या लिहाव्यात, हिशेब लिहावेत. त्याने साक्ष लिहिली की अस्वस्थता सुरू होते. म्हणूनच सर्जनशील लेखनाला चैन म्हणणाऱ्यांनी या प्रकरणाचे उत्तर द्यायला हवे. निरुपद्रवी चैनीसाठी कोणी शिक्षकाची नोकरी घेत नाही.

परंतु स्टेपनीच्या या मुलांना निदान इंग्रजीची कोणती ना कोणती बोली येत होती. पुढच्या दशकात प्रश्न आणखी गुंतला. सिल्हेट भागातून आलेल्या कामगारांनी बायकामुले बोलावून घेतली आणि शाळांत नवी मुले आली. त्यांचे स्वागत कसे झाले याची खूण म्हणजे ४ मे १९७८. त्या दिवशी अल्ताब अली हा कपड्याच्या कारखान्यातील तरुण कामगार वर्णद्वेषी हल्ल्यात मारला गेला आणि हजारो माणसे त्याच्या शवपेटीमागून चालली. जेथे तो पडला तेथील उद्यानाला १९९८ मध्ये त्याचे नाव दिले गेले, आणि १९५२ च्या ढाक्यातील भाषा-हुतात्म्यांच्या स्मारकाची प्रतिकृती आज त्याच उद्यानात उभी आहे.

या मुलांच्या भाषेचे काय करायचे, यावर विलायतेत दीर्घ वाद झाला. १९७५ च्या बुलक समितीने असे म्हटले की, शाळेचा उंबरा ओलांडताना मुलाने घरची भाषा व संस्कृती बाहेर टाकून यावे अशी अपेक्षा धरू नये. १९८५ च्या स्वान समितीने विविधतेचे कौतुक केले, पण मातृभाषा टिकवण्याचे काम मुख्यतः त्या त्या समाजावर सोपवले. म्हणजे तत्त्व मान्य, जबाबदारी अमान्य. शासनसंस्थेची ही हातोटी आपल्या ओळखीची आहे.

या वादात एक बारकावा होता आणि तो आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मातृभाषेचे वर्ग निघाले तेथे प्रमाण बंगाली शिकवली जाऊ लागली. मुलांची घरची भाषा मात्र सिल्हेटी. तिचा उच्चार वेगळा, शब्द वेगळे, एके काळी तिची स्वतंत्र लिपीही होती. म्हणजे इंग्रजीच्या तासाला मूल चुकत होते आणि ‘मातृभाषे’च्या तासालाही चुकतच होते. भाषांची उतरंड केवळ राज्यकर्त्यांच्या आणि प्रजेच्या भाषेत असते असे नाही. प्रत्येक भाषेच्या पोटात ती असते. ढाक्यात ज्या भाषेसाठी तरुणांनी प्राण दिले, तीच भाषा लंडनच्या वर्गात सिल्हेटी मुलाला परकी वाटू शकते. यात त्या हुतात्म्यांचा अवमान नाही. त्यांनी मांडलेला न्याय आणखी एक पायरी खाली नेण्याचा हा आग्रह आहे.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळावे. अशा वर्गात लेखन शिकवायचे तर पहिले पाऊल बोलण्याचे असते. मुलाने आधी स्वतःच्या भाषेत सांगावे. तीच भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या मुलाने ते वर्गाच्या भाषेत आणावे. एखादा शब्द येत नसेल तर तो तसाच ठेवावा आणि त्याचा अर्थ साऱ्या वर्गाने मिळून शोधावा. या खटपटीत मुले भाषांतर शिकतात, आणि भाषांतरात दोन्ही भाषांचे व्याकरण जितके उघडे पडते तितके पाठांतराने पडत नाही. शिक्षकाला वर्गातल्या साऱ्या भाषा यायला हव्यात असेही नाही. आपल्याला अमुक शब्द येत नाही, तो सांग, असे शिक्षकाने मुलाला म्हणण्याची तयारी मात्र हवी. त्या क्षणी ते मूल वर्गात प्रथमच जाणकार ठरते.

दुसरे पाऊल सामूहिक लेखनाचे. इटलीत बार्बियाना या डोंगराळ खेड्यात लोरेंझो मिलानी या धर्मगुरूने शाळेतून हाकलल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालवली. १९६७ मध्ये त्यांतील आठ मुलांनी एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तकभर पत्र लिहिले. ते ‘प्रिय बाई’ या नावाने मराठीतही आले आहे. त्यांची रीत साधी होती. एका कागदाच्या चिठ्ठीवर एकच मुद्दा लिहायचा, चिठ्ठ्यांचे गट लावायचे, क्रम ठरवायचा आणि मग अनावश्यक शब्द काढत जायचे. प्रतिभा ही मोजक्यांना मिळालेली देणगी आहे, या समजुतीला या चिठ्ठ्यांनी जेवढा धक्का दिला तेवढा मोठमोठ्या ग्रंथांनी दिला नसेल.

तिसरे पाऊल दुरुस्तीचे. दुरुस्ती हवीच, पण आशय कागदावर उतरल्यानंतर. मुलाने ‘पानी’ लिहिताच लाल शाई उतरली, तर पुढे विहीर किती दूर होती हे ते सांगणारच नाही. चौथे पाऊल प्रकाशनाचे. भित्तिपत्रक असो, हस्तलिखित असो की गावात झालेले जाहीर वाचन असो, परीक्षकाखेरीज कोणीतरी वाचणारे आहे हे कळल्यावाचून मूल मोराला सोडत नाही.

यात दोन धोके आहेत. एक, बहुसांस्कृतिकतेचे स्नेहसंमेलन होण्याचा. वर्षातून एकदा मुलांनी आपापले पोशाख घालावेत, खाद्यपदार्थ आणावेत, पाहुण्यांनी टाळ्या वाजवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना ‘घरची भाषा वर्गात नको’ म्हणून दटवावे. दुसरा धोका सहानुभूतीचा आहे. वंचित मुलाने नेहमी आपले दुःखच लिहावे, असा हट्ट धरणारा शिक्षक मोराचा आग्रह धरणाऱ्यापेक्षा वेगळा नाही. त्या मुलाला भुताची गोष्ट लिहायची असेल, क्रिकेटची लिहायची असेल, तर तोही त्याचा हक्क आहे. घरातले काय सांगायचे आणि काय राखायचे, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा असतो. लेखक दहा वर्षांचा आहे म्हणून तो कमी होत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप पोटापाण्याचा आहे, आणि तो बहुधा आईबापच घेतात. प्रमाणभाषा आणि इंग्रजी आल्यावाचून नोकरी नाही. मग बोलीचे लाड कशाला? हा आक्षेप उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाजारात भाषांना भाव आहेत आणि ते गरिबाने ठरवलेले नाहीत. प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे, इंग्रजीही उत्तम शिकवली पाहिजे. प्रश्न इतकाच की ती बेरजेने शिकवायची की वजाबाकीने. मुलाजवळ असलेले भांडवल बुडीत खाती टाकून त्याला नव्याने कर्जाऊ भाषा देणे, हा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर तोट्याचा आहे. अशी मुले दोन्ही भाषांत अडखळतात, मागे पडतात, शाळा सोडतात. आणि स्वस्त, अबोल मजुरांचा पुरवठा अखंड राहतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी आहे. म्हणजे दर दहांपैकी तिघांची दुसरी कोणती तरी आहे. मुंबई महापालिकेने आठ माध्यमांच्या शाळा चालवल्या, ही या महानगरातील श्रमिकांची मोठी मिळकत होय. पण माध्यमाच्या यादीत गोंडी नाही, कोरकू नाही, भिलीच्या बोली नाहीत. आश्रमशाळेत येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी भेटणारी परकी भाषा मराठी असते, हे मराठीच्या अभिमान्यांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे.

मराठीच्या पोटातही तीच उतरंड आहे. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी, हे ठाऊक असते. उचल, मुकादम, टोळी, मोळी, पाचट हे तिचे शब्द आहेत आणि त्या शब्दांत एक अख्खी अर्थव्यवस्था सामावली आहे. निबंधाच्या वहीत त्यांना जागा नसेल, तर त्या मुलीलाही जागा नाही.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासननिर्णय निघाले, जनक्षोभ उसळला आणि २९ जून रोजी ते मागे घेतले गेले. तो विरोध रास्त होता. लहान मुलावर भाषा लादू नये, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. आता तेच तत्त्व गोंडी मुलाच्या बाबतीत मराठीलाही लावण्याचे धैर्य दाखवावे लागेल. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासनाची मान्यता नाही म्हणून ती बंद करण्याचा तगादा लागला आणि गावाला न्यायालयात जावे लागले. वास्तविक अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात असे घटनेचा ३५०-क हा अनुच्छेद १९५६ पासून सांगतो, आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेचेच माध्यम मानतो. ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांच्या आडोशाला किती पिढ्या मुक्या राहिल्या, याचा हिशेब कोणी मागायचा?

तो कार्यकर्त्यांनी मागायचा आहे. आश्रमशाळांत स्थानिक भाषा जाणणारे शिक्षक, त्या भाषांतील वाचनपुस्तके आणि मोहगावसारख्या शाळांना मान्यता, या मागण्या वेतनाच्या आणि रेशनच्या मागण्यांइतक्याच निकडीच्या आहेत. पण मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वस्तीतल्या अभ्यासवर्गात, वीटभट्टीवर, साखरशाळेत आठवड्यातून एक तास काढता येतो. चार ताव कागद, खळ, एक भिंत आणि ऐकून घेणारा एक माणूस एवढे भांडवल पुरते. मुलांनी आपापल्या भाषेत सांगावे, मिळून लिहावे, भिंतीवर लावावे. त्यांत कोणाच्या पावसात मोर आला तर येऊ द्यावा, आणि झोपडीत शिरलेले पाणी आले तर तेही तसेच, न पुसता, राहू द्यावे.