साखरेचा ढालकिडा

श्रोतेहो, कीटक आणि गोडधोड यांचे आपल्या घरातले नाते काही फारसे सलोख्याचे नाही. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की गृहिणी डबा उन्हात ठेवते. दिवाळीतल्या लाडवांचा डबा पाणी भरलेल्या परातीत उभा करते. भोवती हळदीची रेघ ओढते. आणि आज मी तर तुम्हाला सांगणार आहे की, केकवर मुद्दाम ठेवण्यासाठी किडे कसे करावेत! अर्थात साखरेचे. कुणी म्हणेल, हे प्राध्यापक लोक काय बोलतील याचा नेम नाही. पण जरा धीर धरा. सगळे ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

मुलांच्या वाढदिवसाला केक कापण्याची चाल आता तालुक्याच्या गावांतूनही चांगली रुळली आहे. या केकचेच एक धाकटे भावंड म्हणजे कपकेक. पेल्याएवढ्या साच्यात भाजलेला, एकट्याने खाऊन संपेल एवढा. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंनी जे पाकपुस्तक छापले, त्यात लहान पेल्यांत भाजायच्या केकची कृती सापडते. आणि एलायझा लेस्ली यांच्या १८२८ सालच्या पुस्तकात 'कपकेक' हे नावही आढळते. या लहानग्या केकच्या डोक्यावर लोणी-साखरेचा थर देतात आणि त्या थरावर शोभेची एखादी वस्तू बसवतात. ती वस्तू ज्या साखरेच्या कणकेची करतात, तिला म्हणतात फाँडन्ट. फुले करतात, बाहुल्या करतात. पण मुलांना विशेष आवडतात ते कीटक. मधमाशी, फुलपाखरू आणि पाठीवर ठिपके असलेला तो लालभडक भुंगेरा.

साखरेला आकार देणे हे आपल्याला नवे नाही बरे का! संक्रांतीच्या आधी आपल्या आयाबाया मंद शेगडीवर परात ठेवून तिळावर किंवा खसखशीवर चमचा चमचा पाक सोडीत आणि हाताने हलवीत बसत. हळूहळू त्या दाण्याला काटा फुटे. त्या हलव्याचे दागिने नव्या सुनेच्या अंगावर चढत. गुढीला साखरेची गाठी आपण आजही बांधतो. तेव्हा साखरेचा भुंगेरा हा पाहुणा दूरचा असला, तरी अगदीच परका नाही.

आता कृती सांगतो. पाव किलो अगदी बारीक पिठीसाखर घ्या आणि तलम कापडातून चाळा. कणी राहिली तर पुढे भेगा पडतात. एक मोठा चमचा पाण्यात एक लहान चमचा जिलेटीन भिजवा. ते फुगले की भांडे गरम पाण्यात धरून विरघळवा. उकळू मात्र नका. त्यात एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज आणि अर्धा लहान चमचा खाण्याचे ग्लिसरीन घाला. हे मिश्रण साखरेत ओतून कणीक तिंबतो तसे तिंबा. ग्लुकोजने आणि ग्लिसरीनने गोळा लवचिक राहतो. जिलेटीनने त्याला ताण येतो. जिलेटीन जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून करतात. ते ज्या घरात चालत नसेल त्यांनी दुसरी वाट धरावी. एक वाटी दुधाची भुकटी, एक वाटी पिठीसाखर, आणि गोळा होईल इतपतच कंडेन्स्ड मिल्क, थोडे थोडे घालीत. हा गोळा पेढ्याच्या मळणीसारखा होतो आणि मुलांच्या हाताला सोपाही जातो. दुधाचा असल्यामुळे तो दोन-तीन दिवसांत संपवावा, एवढेच.

रंग घालताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. खाण्यासाठी म्हणून विकला जाणारा रंगच घ्या. रंगपंचमीचा रंग, कापडाचा रंग, दुकानात सुटा मिळणारा पिवळाधमक रंग, यांतले काही म्हणजे काही नको. घरातलेच हवे असेल तर बिटाचा आटवलेला रस लाल देतो, हळद पिवळा देते, कोको तपकिरी देतो. रस पातळ घातला तर गोळा चिकट होतो, म्हणून आटवून घालायचा.

साहित्य झाले. आता किडा करू या. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथून पुढचे विशेष तुमच्यासाठी आहे. वर्गातल्या मुलांच्या हातात एकेक लिंबाएवढा गोळा द्या आणि एवढेच सांगा, "एक कीटक करा." मग पाहा काय होते ते. बहुतेक मुले एक मोठा गोळा करतील, त्याला एक लहान गोळा चिकटवतील आणि पायांशी येऊन थबकतील. पाय किती? कुणी चार लावील, कुणी दहा. ते कुठे लावायचे? कुणी पोटाला लावील, कुणी शेपटाला. ज्या मुलांनी 'कीटकाला सहा पाय असतात' हे वाक्य परीक्षेत बिनचूक लिहिले होते, त्यांचाच हात इथे अडतो. आणि हात अडला म्हणजेच डोळ्याचे काम सुरू होते. मूल उठून खिडकीशी जाते आणि तिथल्या माशीकडे पहिल्यांदाच नीट पाहते.

साखरेच्या कीटकाचे सगळे गुपित तीन गोळ्यांत आहे: डोके, वक्ष आणि उदर. डोक्यावर दोन मिशा. सहाही पाय मधल्या गोळ्याला, म्हणजे वक्षाला, पंखही तिथेच. हे एवढे जमले की मुंगीपासून भुंग्यापर्यंत सारे जमले. आठ पाय लावले तर तो कोळी झाला, आणि कोळी हा कीटक नव्हे. त्याच्या शरीराचे भाग दोनच. पायांना भाजलेल्या शेवयांचे तुकडे चालतात, डोळ्यांना खसखस चालते.

मधमाशी करायची तर पिवळ्या गोळ्यावर कोकोचे पट्टे द्या आणि पंखांना बदामाचे पातळ काप लावा. काप किती? दुकानातल्या केकवरच्या माशीला बहुधा दोनच दिसतात. खऱ्या मधमाशीला चार पंख असतात. मागचे दोन लहान असतात आणि उडताना बारीक आकड्यांनी पुढच्या पंखांना जोडलेले असतात, म्हणून आपल्याला दोनच आहेतसे वाटते. दोनच पंख असतात ते घरमाशीला. फुलपाखरू करायचे तर आपली राणी पाकोळीच करा. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला आहे. काळे पंख आणि त्यांवर निळसर ठिपके. कागदाचा पुठ्ठा मधोमध दुमडून त्या घडीत पंख वाळत ठेवले की ते उडत्या पंखांसारखे वर उचललेले राहतात.

पण आजच्या भाषणाचा नायक निराळा आहे. तो म्हणजे ढालकिडा. शहरातली मुले त्याला लेडीबर्ड म्हणतात. मसुराच्या दाण्याएवढा, पाठ ढालीसारखी फुगीर. त्याच्या अनेक जाती आहेत. आपण सात ठिपक्यांचा करू. लाल गोळीचा अर्धगोल करा. सुरीच्या पाठीने मधोमध रेघ ओढा. ही रेघ शोभेची नव्हे. ती लाल ढाल म्हणजे पुढच्या पंखांची जोडी आहे; उडताना ती त्या रेघेवर उघडते आणि खालून खरे पातळ पंख बाहेर येतात. पुढच्या बाजूला काळा भाग, त्याच्या दोन कोपऱ्यांवर पांढुरका ठिपका. मग पाठीवर ठिपके, प्रत्येक बाजूला तीन. सहा झाले. सातवा कुठे? तो बरोबर रेघेवर, मानेपाशी, दोन्ही पंखांत अर्धा अर्धा वाटून घेतलेला. ठिपक्यांना काळे तीळ लावा.

आता खरी गंमत. त्याच गोळ्यातून त्याचे पिल्लू करा, म्हणजे त्याची अळी. इथे मुले चकित होतात. कारण ही अळी लाल नाही, गोल नाही, गोजिरवाणी तर मुळीच नाही. लांबट, काळपट करडी, अंगावर नारिंगी ठिपके, पुढे सहा पाय, आणि ठेवण एखाद्या इवल्याशा सुसरीसारखी. आईबापाशी तिचे रूप जुळत नाही. पण भूक जुळते, किंबहुना चार घास अधिकच! कपाशी, ज्वारी, हरभरा, भाजीपाला यांवर जो मावा पडतो, त्याचा ती फडशा पाडते. वाढीच्या दिवसांत एक अळी काहीशे मावा सहज खाऊन टाकते.

मावा म्हटले की मुले हसतात, कारण एक मावा पेढ्यात असतो आणि दुसरा पानाखाली. गंमत अशी की पानाखालचा मावाही गोडाचाच धनी आहे. तो झाडाचा रस शोषतो आणि त्यातली जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. त्यासाठीच मुंग्या त्याच्याभोवती फिरतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. म्हणजे साखरेचे राजकारण डब्यापुरतेच नाही, ते शेतातही चालू आहे.

शेतकरी बंधूंनो, आता तुम्हाला एक प्रश्न विचारतो. ही काळी, काटेरी दिसणारी अळी आपल्या कपाशीच्या पानावर दिसली तर आपण काय करतो? बरेचजण म्हणतील, अळी पडली, पंप काढा. औषध फवारले जाते. त्यात मावा मरतो आणि अळीही मरते. पण माव्याची वीण फार झपाट्याची. तो थोड्याच दिवसांत परत येतो. ढालकिडा मात्र इतक्या लवकर परतत नाही. मग पुन्हा फवारणी, पुन्हा खर्च. शत्रू समजून आपण आपलाच राखणदार मारलेला असतो, आणि तोही फुकट राबणारा.

या फवारणीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही, हे आपण पाहिले आहे. २०१७ सालच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे प्राण गेले. त्यामागे कारणे पुष्कळ होती. साखरेच्या किड्याने ते टळले असते, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण फवारावे की नाही हे ठरवण्याआधी पान उलटून पाहावे लागते, आणि पाहिलेले ओळखावे लागते. ज्या मुलाने ती अळी स्वतःच्या बोटांनी केली, तिच्या पाठीवर नारिंगी ठिपके मांडले, ते मूल शेतात तिला पाहून "दादा, थांबा, हा आपला आहे" असे म्हणेल. एका घरात एवढे घडले तरी साखर वाया गेली नाही.

तुम्हाला वाटेल, यासाठी खाऊच कशाला? चित्र काढले तर चालणार नाही का? चालेल की. पण आपली जुनी रीत आठवा. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो. नागपंचमीला पाटावर नाग काढतो. ज्यांच्याशी शेतीचा संबंध, त्यांची मूर्ती वर्षातून एकदा हातांनी घडवायची आणि मुलांकडून घडवून घ्यायची, ही आपल्या पूर्वजांची शिकवण्याची तऱ्हाच होती. बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे. माव्यापासून पीक राखणाऱ्या या चिमुकल्या गड्याला मात्र दिवस नाही. शाळेने ठरवले तर एखाद्या शनिवारी तो दिवस करता येईल.

आता चार सूचना. केक पूर्ण निवल्याशिवाय त्यावर कीटक ठेवू नका आणि ठेवायचा तो अगदी शेवटी. ओल्या थरावर तो फार वेळ राहिला तर पाझरतो. साखर हवेतले पाणी ओढते. म्हणून कोकणात पावसाळ्यात ही कामे नीट होत नाहीत. देशावर हिवाळ्यात कीटक एका रात्रीत वाळतो. वाळलेले कीटक फ्रिजमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. भाग चिकटवायला पाण्याचा एक थेंब पुरतो. मिशांसाठी तार, टाचणी, टूथपिक कधीही वापरू नका; लहान मूल पाहत बसत नाही, सरळ तोंडात घालते. आणि एका मुलाला एकच कीटक. दातांची काळजीही आपल्यालाच घ्यायची आहे.

कपकेक भाजायला भट्टी नसली तरी अडत नाही. अप्पेपात्रात रव्याचे लहान केक सुरेख होतात. तेही नको असेल तर साध्या बिस्किटावर कीटक बसवा. केक हा निमित्ताला आहे.

शेवटी एक विनंती. कीटक तयार झाले की लगेच खाऊ देऊ नका. मुलांना आधी शाळेजवळच्या एखाद्या शेतात न्या. त्या दिवशी तिथे फवारणी झालेली नाही, याची चौकशी तेवढी आधी करा. पाने हळूच उलटून पाहायला सांगा. ज्याला खरा ढालकिडा किंवा त्याची अळी सापडेल, त्याने आपल्या साखरेच्या कीटकाशी ती ताडून पाहावी: ठिपके बरोबर आहेत का, पाय जिथल्या तिथे आहेत का. चुकले असेल ते परत येऊन दुरुस्त करावे. आणि मग, श्रोतेहो, त्याने तो कीटक खुशाल खावा. शेतातला तेवढा जिवंत सोडून यावा म्हणजे झाले.