मरळीची पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरसाल या दिवशी कोणी लोणची-पापडांवर बोलते, कोणी बाळाच्या संगोपनावर, कोणी संतचरित्रावर. या खेपेला चिटणीसबाईंनी मला विचारले, तुम्ही कशावर बोलणार? मी म्हटले, जे येते त्यावरच बोलेन, आणि मला येते ते गरी टाकून मासे धरणे. त्या हसल्या, पण विषय लिहून घेतला. सगळ्याच माशांवर बोलावयाचे तर येथेच रात्र होईल, म्हणून मी एकटी मरळ घेते. कोणत्या पाण्यात ती चांगली लागते, कोणती तळी नि कोणत्या नद्या मला आवडतात, आणि कोणत्या दिवसांत तिच्या वाटेस जाऊ नये, एवढेच सांगणार आहे. ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही त्या भगिनींनी ही तळ्यांची गोष्ट म्हणून ऐकावी. पाणी तर आपण सगळ्याच भरतो.

मरळ बाजारात पाहिली नाही अशी बाई आपल्याकडे विरळा. डोके थेट सापासारखे, अंग गोल नि लांब, काटे थोडे. मोठ्या जातीच्या मरळीच्या शेपटीपाशी डोळ्यासारखा एक टिपका असतो. ती पाण्यातून वर येऊन तोंडाने हवा घेते. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळली तर पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते, आणि बाजारात टोपल्यात उसळत असते. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा द्यावा, ही रीत माझ्या आजेसासूबाईंपासून चालत आलेली आहे. गडचिरोलीपलीकडच्या तेलंगणाने तर मरळीला राज्याच्या माशाचा मान दिला आहे. आपल्या महाराष्ट्राने 2023 साली तो मान पापलेटला दिला. मुंबईकडे ते ठीकच आहे. आपल्याकडे पापलेट येते ते बर्फातून, आणि त्याचे डोळे पाहून मला काही भूक लागत नाही.

आता पाण्याकडे येते. भंडारा आणि गोंदिया 1999 सालच्या 1 मे रोजी वेगळे झाले, परंतु तळ्यांचा मुलूख म्हणून दोन्ही एकच. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी येथे ठिकठिकाणी तलाव बांधले, धानाला पाणी मिळावे म्हणून. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, आणि बोलताना त्याचे ‘मामा तलाव’ झाले. आमच्या धाकट्या जाऊबाईंना लग्न होऊन आल्यावर कितीतरी दिवस वाटे की हा कोणाच्या तरी मामाचा तलाव आहे!

या तलावांत माझी सर्वांत आवडती ती बोडी. बोडी म्हणजे लहानसा तलाव, एखाद्या घराच्या नाहीतर चार घरांच्या बांध्यांना पुरेल एवढा. लोक मासे धरायला मोठे पाणी शोधतात. मोठे पाणी म्हणजे मोठा मासा, असा त्यांचा हिशेब. मरळीचा हिशेब उलटा आहे. तिला उथळ, कोमट, गवताने भरलेले पाणी लागते. कमळाची पाने, देवधानाची ताटे, काठचा लव्हाळा यांच्या आडोशाला ती काठीसारखी निश्चल पडून राहते, आणि लहान मासा जवळून गेला की एका झडपेत घेते. गवतच नसेल तर ती दबा कोठे धरणार? म्हणून बोडी जितकी दिसायला अस्ताव्यस्त, तितकी मरळ अधिक. आपण बायका घर लख्ख करतो तसे तळे लख्ख केले, तर तेथे पाणी उरेल, मरळ उरणार नाही.

मोठ्या गावतलावात बसावयाचे झाले तर जागा निवडावी लागते. नवखी मंडळी पाळीवर जाऊन बसतात, कारण तेथे झाडांची सावली असते नि बसायला ऐसपैस. पाळीशी पाणी सगळ्यांत खोल. तेथे फार तर रोहू मिळेल. मरळ असते समोरच्या बाजूला, जिकडून पावसाचे पाणी तलावात येते त्या उतरत्या काठाला. उन्हाळ्यात तो काठ उघडा पडतो, त्यावर गवत येते, पावसाळ्यात ते गवत बुडते. बुडालेल्या त्या गवतात मरळीचे सगळे घरदार. तेथे चिखल तुडवत जावे लागते, पदर खोचावा लागतो, आणि जळवा असतात हेही सांगून ठेवते. वेळ म्हणाल तर उजाडताना नाहीतर दिवस कलताना. भर उन्हात मी कधी बसत नाही. स्वैपाक टाकून बसण्याएवढे तेव्हा काही लागतही नाही.

गरीला काय लावावे हे मला पुष्कळजणी विचारतात. कणकेची गोळी मरळ हुंगीतसुद्धा नाही, ती रोहू-मृगळांसाठी. मरळीला हलते भक्ष्य हवे. मी गांडूळ लावते, किंवा एखादा बोटाएवढा मासा. पुष्कळ लोक बेडूक लावतात आणि त्याने मोठी मरळ लागते हे खरे. पण बेडूक बांधीतले किडे खातो, त्याला मी हात लावीत नाही. सूत जाड घ्यावे. मरळ लागली की सरळ गवतात शिरते नि सूत देठांना गुंडाळते. त्या वेळी ओढाताण करू नये, हात ढिला सोडून थोडे थांबावे. सूत सैल लागले की ती आपणच बाहेर येण्याच्या बेताला येते. घरी दूध उतू जाईपर्यंत ज्यांना धीर धरवत नाही त्यांनी हा नाद करू नये.

नवेगावबांधचा तलाव मला आवडतो तो धरण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. डोंगरांच्या कुशीतले ते पाणी, थंडीतले पाखरांचे थवे! 1975 सालापासून तेथे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा हे वाघांसाठी राखीव झाले. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीतली वर्षे तेथे काढली आणि तेथील पाखरांवर, पाण्यावर, माणसांवर लिहिले. आपल्या मंडळाच्या कपाटात त्यांची पुस्तके आहेत, जरूर न्यावीत.

नद्यांमध्ये माझी चुलबंद. उन्हाळ्यात ती ठिकठिकाणी तुटते, मधले डोह तेवढे राहतात. डोहाच्या काठच्या मुळ्या-खडकांत मोठी मरळ बसते, बोडीतल्या मरळीहून अंगाने भारी आणि चवीला अधिक गोड, कारण चिखलाचा वास नाही. वैनगंगा मोठी नदी, माझ्या सासऱ्यांची आवडती. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली, आणि पुढे पाणी अडल्यावर नदीचे पात्र कोठून कोठे गेले! नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेत येते, तेही त्यात साठते. जलपर्णीचे गालिचे पसरलेले तुम्ही पुलावरून पाहिले असतीलच. गवत म्हटले तरी ते मरळीच्या कामाचे गवत नव्हे. जलपर्णी सारे पाणी झाकून टाकते. मामंजींना जाऊन बरीच वर्षे झाली. आता तेथे गरी टाकायला माझे मन घेत नाही.

इटियाडोह 1970 साली झाला. गाढवी नदीवरचे हे मोठे धरण. तेथे पाणी खोल, म्हणून मरळीसाठी मी कोणाला तेथे पाठवणार नाही. रोहू-कटला घेण्यास उत्तम. ही रोहू-कटल्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. हे मासे मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. पुराच्या वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात, बंद तळ्यात सहसा घालीत नाहीत. 1957 साली 10 जुलैला ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी सुई टोचून माशांकडून अंडी घालवून घेतली. तेव्हापासून बीज पाहिजे तेवढे तयार करता येऊ लागले, आणि देशभर तळ्यातळ्यांत ते सोडले जाऊ लागले. 10 जुलै हा दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात तो यासाठीच.

यात मरळीचे काय झाले ते ऐका. मरळ लहान मासे खाते, म्हणजे विकत आणून सोडलेले बीज खाते. म्हणून बीज सोडण्यापूर्वी तलावातील मरळ नि इतर खादाड मासे काढून टाकावेत, अशी शिकवण आली. त्यासाठी मोहाची पेंड पाण्यात टाकतात. तिने मासे मरतात, आणि पेंड पुढे कुजून खत होते. पाणवनस्पतीही उपटतात, कारण जाळे अडकते. सोसायट्यांना मी दोष देत नाही. तलावाचा ठेका भरावा लागतो, आणि रोहू-कटला वर्षभरात विकण्याजोगे होतात. ढिवरांच्या घरची चूल त्यावर चालते. परंतु जिने कोणाकडून बीज मागितले नाही, चारा मागितला नाही, आपली पिले आपणच वाढवली, ती मरळ त्या तळ्यात परकी ठरली, हे मला पटत नाही. बाजारात मरळीचा भाव रोहूपेक्षा किती चढा असतो हे पिशवी घेऊन जाणारी प्रत्येकजण जाणते.

आणि ती पिले वाढवते कशी, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा मुद्दाम पाहावे. मृगाचा पाऊस झाला की नर-मादी उथळ गवतात एक गोल जागा मोकळी करतात. अंडी पाण्यावर तरंगतात. एक-दोन दिवसांत पिले बाहेर येतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांचा लालसर-नारिंगी घोळका होतो, पाण्यात कोणी कुंकू सांडल्यासारखा. पिले श्वासाला वर येतात तेव्हा ते पाणी उकळी फुटल्यासारखे बुडबुडते. आईबाप खाली पहाऱ्याला असतात. साप येवो, दुसरा मासा येवो, त्याच्या अंगावर धावून जातात.

धरणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. घोळक्यावर गरी सोडली की मरळ ती भुकेने घेत नाही, पिलांना वाचवण्यासाठी तिच्यावर तुटून पडते. त्यापेक्षा सोपी मरळ वर्षात दुसरी नाही. ती वर काढली की खालची पिले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. एक मरळ घेतली आणि शेकड्यांनी गमावल्या. आमच्या घरी मृगापासून पोळ्यापर्यंत मरळीची गरी वर टांगलेली असते, हा माझ्या सासूबाईंचा नेम. त्यांनी तो श्रावणाच्या नावाने घातला की मरळीच्या, हे कधी सांगितले नाही. समुद्रावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. तेथे खाते आहे, कायदा आहे, दंड आहे. आपल्या बोडीवर कोण पहारा ठेवणार? तेव्हा मी विकत घेणारणीकडे पाहते. रोवणीच्या दिवसांत बाजारात जोडीने मरळी आल्या, तर त्या पिलांवरून उचललेल्या आहेत असे समजावे नि घेऊ नयेत. गिऱ्हाईक नसेल तर कोणी रात्री तळ्यात उतरत नाही. विकणाऱ्या बाईशी भांडू मात्र नये. तिच्याकडून त्या दिवशी झिंगे घ्यावेत.

दुसरी गोष्ट बेशरमाची. ते जांभळ्या फुलांचे झुडूप तुम्हांला माहीत आहे. तलावाच्या उथळ काठावर ते माजते, आणि नेमकी मरळीची जागा खाते. जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत. आपल्याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलावांचा अभ्यास करून हे काम हाती घेतले, आणि काही गावांतल्या ढिवर बायांनी बेशरम उपटून, तळ नांगरून, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तेथे गावठी मासे परत आले. हे सभेत ठराव करून झालेले नाही, गुडघाभर चिखलात उभे राहून झाले आहे.

आपल्या गावच्या तलावाचा येव्याकडचा काठ सध्या बेशरमाने भरलेला आहे. ते काम ज्येष्ठात करावे लागेल, पाऊस येण्यापूर्वी, काठ उघडा असतो तेव्हा. झुडूप नुसते कापून चालत नाही. ओल्यात तुकडा पडला की पुन्हा फुटतो. मुळासकट काढून, पाळीच्या बाहेर नेऊन, वाळवून जाळावे लागते. चीक हाताला लागतो म्हणून जुने फडके गुंडाळून घ्यावे. ज्यांच्याकडे कुदळी नि विळे असतील त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. पाणी नि सुपारी माझ्याकडे, भाकरी आपापली. आणि कोणी मला विचारण्यापूर्वीच सांगते, त्या दिवशी रस्सा मरळीचा नसेल, चण्याच्या डाळीचा असेल.