पडद्यामागचे विद्यार्थी

विनोदी नाटक ऐन रंगांत आलेलें असतें. नायक कपाटांत लपलेला, सासरेबुवा दाराशीं उभे, आणि नेमकी याच वेळीं टेलिफोनची घंटा वाजावयाची असते. ती घंटा दोन क्षण उशिरा वाजली, कीं नटाच्या तोंडचें वाक्य अधांतरीं लोंबकळतें आणि प्रेक्षागृहांत पिकावयाचें हंसें जागच्या जागीं विरतें. गंभीर नाटकाला अशी एखादी चूक पचते. तेथें प्रेक्षक डोळे पुसण्यांत गुंतलेला असतो. प्रहसनाला ती पचत नाहीं. म्हणून विनोदी नाटक जितकें नटाच्या जिभेवर, तितकेंच पडद्यामागें उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर अवलंबून असतें. हा माणूस लहान नाट्यमंडळीला कोठून मिळावा, आणि मिळाल्यावर मंडळीनें त्याच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं.

एके काळीं त्याचें उत्तर सोपें होतें. गोविंद बल्लाळ देवलांचें 'संशयकल्लोळ' १९१६ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. एक तसबीर भलत्याच हातीं पडते आणि त्यांतून सारा घोटाळा माजतो, अशी त्याची रचना. ती तसबीर वेळेवर नटाच्या हातीं देणारा माणूस कंपनीचा पगारी नोकर असे. तो कंपनीच्या बिऱ्हाडींच राही आणि तिच्याच पंक्तीला जेवे. १९३२ सालीं मराठी बोलपट आला आणि पुढें हीं बिऱ्हाडें एकामागून एक मोडलीं. नाटक उरलें, पण त्याचा पगारी कामकरी गेला. ती जागा भरून काढली ती मुख्यतः हौशी माणसांनीं, आणि त्यांतही विद्यार्थ्यांनीं.

पुण्याचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. १९५१ सालीं भालबा केळकरांनीं प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन स्थापन केली. तिच्यांत वैद्यकाचे विद्यार्थी आले आणि त्यांतून श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे यांच्यासारखीं माणसें घडलीं. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनें महाविद्यालयांसाठीं पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका-स्पर्धा चालू केली. तींत मुलेंच लिहितात, मुलेंच बसवितात आणि मुलेंच रंगमंच लावतात. १९७३ सालीं थिएटर अकॅडमी निघाली, आणि पुढच्याच वर्षीं तिनें सतीश आळेकरांचें 'महानिर्वाण' सादर केलें. मृत भाऊराव स्वतःच्याच मरणाचें कीर्तन करतात, असा तो विलक्षण विनोद! आळेकर स्वतः जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक. या साऱ्यांत कोणी पोटासाठीं नाटकांत आला नव्हता. परंतु शिकत असतांना लागलेली गोडी त्यांनीं जन्मभर जपली.

हें पुण्यांत घडलें, परभणींत कसें घडावें, अशी शंका येणें साहजिक आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी नाटकाला राजाश्रय कोठला? तथापि विनोदाचें बीज या मातींत जुनें आहे. गोदावरीच्या कांठीं पैठणास एकनाथांनीं भारुडें रचलीं, आणि तीच गोदावरी पुढें जनाबाईच्या गंगाखेडास येते. गांवोगांवच्या जत्रांतून सोंगाड्यानें पिढ्यान्‌पिढ्या लोकांना हंसविलें. सातोन्यास जन्मलेले बी. रघुनाथ नोकरीनिमित्त परभणींत राहिले आणि तेथेंच त्यांनीं कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या नांवाचें सभागृह आज त्या शहरांत आहे. मराठवाडी बोलींत किती हंसें दडलेलें आहे, हें तर औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांनीं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगानें साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिलें. आणि १९७२ सालीं कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यापासून गांवोगांवचे तरुण परभणींत शिकावयास येतात. बोली आहे, सभागृह आहे, विद्यार्थीही आहेत. उणीव आहे ती त्यांना रीतसर बोलावण्याची.

लहान विनोदी मंडळी विद्यार्थ्यांना बोलावते तेव्हां तिची पहिली चूक ही होते, कीं ती केवळ विनोदी मुलें शोधते. वर्गाला हंसविणारा मुलगा आपण होऊन येतोच. त्याच्यासाठीं दवंडी पिटावी लागत नाहीं. शोधावयाची असतात तीं दुसरीं. जिला सुईदोरा चालवितां येतो ती मुलगी, विजेचें काम जाणणारा तंत्रशाळेचा विद्यार्थी, अक्षर वळणदार असलेला जाहिरातीचा लेखक, हिशेब चोख ठेवणारा वाणिज्य शाखेचा मुलगा, आणि मुख्य म्हणजे संहिता मांडीवर घेऊन दोन तास डोळा न हलवितां बसूं शकणारा प्रॉम्प्टर. यांतल्या पुष्कळांना रंगमंचावर जावयाचें नसतें. तेथें आपलें काम आहे, हें त्यांना कोणीं सांगितलेलेंच नसतें.

दुसरी चूक अधिक गंभीर. स्वयंसेवक फुकट मिळतो म्हणून त्याचा वेळही फुकटचा मानला जातो. स्वयंसेवक म्हणजे बिगारी नव्हे. १९६९ सालीं निघालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेंत विद्यार्थ्याचे वर्षाचे १२० तास ठरलेले आहेत. नाट्यमंडळीनेंही आपला आंकडा आधींच सांगावा. परीक्षेच्या महिन्यांत तालीम नाहीं. रात्रीं उशीर झाल्यास मुलींना घरापर्यंत पोंचविण्याची जबाबदारी मंडळीची. तिकिटांचे पैसे येतांच पहिला खर्च मुलांच्या बसभाड्याचा व जेवणाचा. आणि जाहिरातींत नटांबरोबर पडद्यामागच्यांचीं नांवें. एवढें लेखी दिलें, तर पालकांचा अर्धा विरोध मावळतो. उरलेला अर्धा रास्तच असतो. नाटकापायीं अभ्यास बुडालेलीं मुलें प्रत्येक गांवांत दिसतात. त्यावर उपाय तासांच्या मर्यादेचाच. शिवाय ज्याला आज झाडू दिला त्याला उद्यां दिवे आणि परवां ध्वनि शिकविला पाहिजे. शिक्षण नसेल, तर ती सेवाही नव्हे, शोषण होय.

मुलें दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन पुण्या-मुंबईस निघून जातात, ही तक्रार खरी आहे. त्यावर रडत बसण्यापेक्षां जाणाऱ्यानें येणाऱ्याला शिकवावें, अशी रीत घालावी. कोणत्या वाक्याला कोणता दिवा, कोणती घंटा, कोणतें दार, याची वही प्रत्येक नाटकाबरोबर असावी आणि ती हातोहातीं पुढें जावी. माणूस गेला तरी काम राहतें. आणि गेलेला माणूसही वायां जात नाहीं; तो जेथें जाईल तेथें नाटकाला एक जाणता प्रेक्षक मिळतो.

विनोदाला गांव लहान चालतें, सभागृह लहान चालतें, पैसाही थोडा चालतो. मात्र वेळ चुकलेली चालत नाहीं. टेलिफोनची घंटा नेमक्या क्षणीं वाजते, चारशें माणसें एकदम हंसतात, आणि अंधारांत कळीवर बोट ठेवून बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला प्रथमच कळतें, कीं हें हंसें आपलेंही आहे. परभणींतल्या मुलाला तें हंसें परभणींतच मिळावें, इतकेंच मागणें आहे.