अमेरिकन माणसाला आपला देश किती ठाऊक असतो?

(वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणारा शिक्षक. गणितात किंवा इंग्रजीत मुलाला गुण कमी पडले की पालक दुसऱ्या दिवशी शाळेत हजर होतात. नागरिकशास्त्रासाठी आलेला पालक मी अजून पाहिलेला नाही. ‘त्यात काय, आदल्या रात्री पाठ केले की झाले,’ अशी सर्वसाधारण समजूत आहे. परीक्षा संपल्यावर त्या पाठांतराचे काय होते, मुलगा चाळिशीला पोहोचला की त्यातले काय उरते, हे सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेत मात्र हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे आणि उत्तरे मोजून ठेवली आहेत. म्हणून आज आपणास तिकडची हकीकत सांगतो.

बाहेरून आलेल्या माणसाला अमेरिकेचा नागरिक व्हायचे असेल तर इतर अटींबरोबर एक तोंडी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या अनेकांनी ती दिलेली आहे. २००८ पासून तिची पद्धत अशी होती: शंभर प्रश्नांची यादी उत्तरांसह आधीच हाती मिळते, अधिकारी त्यांतले जास्तीत जास्त दहा विचारतो आणि सहा बरोबर आले की उत्तीर्ण. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती अवघड केली गेली. आता यादी १२८ प्रश्नांची, विचारायचे वीस, बरोबर हवेत बारा. जुन्या यादीतले प्रश्न साधे होते. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? पहिल्या महायुद्धाच्या काळात अध्यक्ष कोण होते? वसाहतींतले लोक इंग्रजांविरुद्ध का लढले? जन्मानेच अमेरिकन असलेल्या माणसाला मतदानापूर्वी असे काही विचारले जात नाही.

मग तिकडच्या काही मंडळींना वाटले, घरच्या माणसांनाच हे प्रश्न विचारून पाहू. २०११ साली ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने एक हजार नागरिकांची परीक्षा घेतली. शेकडा ३८ नापास झाले. शेकडा २९ जणांना त्या वेळच्या उपाध्यक्षांचे नाव सांगता आले नाही. २०१८ मध्ये वुड्रो विल्सन यांच्या नावाने चालणाऱ्या एका शिक्षण प्रतिष्ठानाने पुन्हा एक हजार प्रौढांना याच यादीतले प्रश्न घातले. या खेपेस उत्तीर्ण झाले शेकडा ३६, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश नापास! सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती हे शेकडा ५७ जणांना माहीत नव्हते. (ते नऊ असतात.) बेंजामिन फ्रँकलिनने विजेचा दिवा शोधला असे शेकडा ३७ जणांनी सांगितले. दुसऱ्या महायुद्धातले सेनापती आयझेनहॉवर यांना शंभरांतल्या बाराजणांनी १८६१ च्या यादवी युद्धात नेऊन बसवले. विद्यार्थी मित्रांनो, हसू नका. आपल्या उत्तरपत्रिका माझ्याजवळ आहेत.

त्या आधी, २००८ साली, एका संस्थेने अडीच हजारांवर प्रौढांना इतिहास, शासनव्यवस्था व अर्थशास्त्र मिळून ३३ प्रश्न दिले होते. सरासरी गुण पडले शेकडा ४९ आणि शंभरांतले ७१ जण नापास झाले. जे लोक पूर्वी वा त्या वेळी एखाद्या पदावर निवडून आलेले होते त्यांची सरासरी तर ४४, म्हणजे मतदारांहूनही कमी.

हे आकडे वर्तमानपत्रांत झळकले की तिकडे मोठी हळहळ होते. पण आम्ही शिक्षक मंडळी परीक्षा घेणारी असल्यामुळे प्रश्नपत्रिकेकडेही जरा संशयाने पाहतो. एकाच परीक्षेत सात वर्षांपूर्वी बासष्ट टक्के उत्तीर्ण आणि नंतर छत्तीस टक्के, एवढा देश काही सात वर्षांत विसरभोळा होत नाही. विचारण्याची तऱ्हा बदलली की निकाल बदलतो. २०१८ च्या परीक्षेत पर्याय दिलेले होते. पर्यायांत विजेचा दिवा दिसला म्हणजे ज्याला काहीच आठवत नाही तोही त्याच्यावर खूण करतो. शिवाय परदेशी उमेदवार यादी पाठ करून येतो, घरच्या माणसाला ध्यानीमनी नसताना गाठलेले असते. ही तुलना मला तरी न्यायाची वाटत नाही.

आणि ही ओरड नवीन नाही. १९१७ साली टेक्सास राज्यातल्या पंधराशे विद्यार्थ्यांच्या इतिहासाच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या मुलांनाही शेकडा ४९ च्या वर जाता आले नाही. पुष्कळांनी थॉमस जेफर्सन आणि जेफर्सन डेव्हिस यांची गल्लत केली होती. पहिला स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, दुसरा देशातून फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष. १९४३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सात हजार कॉलेजकुमारांना विचारले तेव्हा मूळच्या तेरा वसाहतींची नावे शंभरांतल्या सहांनाच आली. मायकेल डेली कार्पिनी आणि स्कॉट कीटर या दोघा अभ्यासकांनी पन्नास वर्षांच्या चाचण्या पडताळून १९९६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. मधल्या काळात शाळा-कॉलेजांत जाणारे कितीतरी वाढले, पण राज्यकारभाराविषयीची सामान्य माणसाची माहिती जवळजवळ जिथल्या तिथेच राहिली. नुसत्या इमारती आणि इयत्ता वाढवून हा विषय वाढत नाही, हे शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात सांगायला मला संकोच वाटतो, पण आहे ते असे आहे.

आता पैशाअडक्याचे ज्ञान पाहा. २०१५ साली कायझर फॅमिली फाउंडेशनने लोकांना विचारले, सरकारी खर्चातला किती हिस्सा परदेशांना मदत म्हणून जातो? लोकांच्या अंदाजाची सरासरी निघाली शेकडा २६. खरा हिस्सा होता शेकडा एकच्या आसपास. ज्याला वाटते की आपल्या करातला चौथा हिस्सा परदेशी जातो, तो त्या समजुतीवर मत देणार, हे उघड आहे. येथे अज्ञान कोण्या आयझेनहॉवरच्या तारखेपुरते राहत नाही.

अर्थशास्त्राच्या दोन प्राध्यापिका, अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल, यांनी २००४ साली पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांना तीन प्रश्न घातले. आपणही मनातल्या मनात उत्तर द्या. शंभर डॉलर दरसाल शेकडा दोन व्याजाने ठेवले. पाच वर्षांनी १०२ डॉलरपेक्षा जास्त होतील, बरोबर १०२, की कमी? दुसरा: व्याज शेकडा एक आणि महागाई शेकडा दोन असेल, तर वर्षअखेर त्या पैशात आजच्यापेक्षा जास्त माल येईल की कमी? तिसरा: एकाच कंपनीचे शेअर घेणे अधिक सुरक्षित, की अनेक कंपन्यांत गुंतवणूक करणारा म्युच्युअल फंड? तिन्ही बरोबर देणारे निघाले सुमारे एक तृतीयांश. ही सगळी माणसे आयुष्यभर कमावून आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभी होती. मला विशेष वाटले ते हे की व्याजाचा प्रश्न दोन तृतीयांशांना आला, महागाईचा तीन चतुर्थांशांना, आणि शेअरांचा निम्म्यांनाच. महागाई बाजारात गेल्याबरोबर कळते, व्याजाचे कोष्टक वहीतच राहते, आणि शेअर तर कित्येकांनी हाताळलेलाच नसतो. जे हाताखालून जाते ते टिकते, असे मला यातून दिसते.

इतिहासातही तेच आहे. सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी चौन्सी मॉन्टे-सॅनो यांनी उलट बाजूने घेतलेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. काय येत नाही हे न शोधता त्यांनी देशभरच्या दोन हजार विद्यार्थ्यांना म्हटले, अध्यक्ष सोडून सर्वांत प्रसिद्ध अमेरिकनांची नावे तुम्हीच लिहा. पहिले तिघे आले मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स आणि हॅरिएट टबमन. तिघेही कृष्णवर्णीय. पंचेचाळिशीच्या पुढच्या प्रौढांनाही विचारले, तर पहिल्या दहांतली आठ नावे तीच. म्हणजे जो समाज तेरा वसाहती विसरतो तो बसमधली आपली जागा न सोडणारी रोझा पार्क्स विसरत नाही.

या रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात, बसच्या प्रसंगापूर्वी काही महिने, टेनेसी राज्यातील हायलँडर नावाच्या प्रौढांच्या शाळेत गेल्या होत्या. तेथे त्यांना शिकवणाऱ्यांत सेप्टिमा क्लार्क नावाच्या एक शाळामास्तरीण होत्या. पालकहो, त्यांची हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे.

दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नाव घालायचे तर परीक्षा द्यावी लागे. मिसिसिपीमध्ये नोंदणी अधिकारी राज्यघटनेतले वाटेल ते कलम पुढे ठेवी व अर्थ सांगायला लावी. अर्थ बरोबर की चूक हेही तोच ठरवी. गोऱ्यांना सोपे कलम, काळ्यांना वकिलालाही घाम फोडणारे. नागरिकशास्त्राची परीक्षा म्हणजे दाराला लावलेले कुलूप होते. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ते त्या राज्यांत काढले, १९७० मध्ये देशभर तात्पुरते आणि १९७५ मध्ये कायमचे. ‘अडाण्यांना मत कशाला?’ असे आपल्याकडेही चहाच्या दुकानात बोलणारे भेटतात. त्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

सेप्टिमा क्लार्क यांनी साउथ कॅरोलायना राज्यात चाळीस वर्षे शिक्षिका म्हणून काम केले. १९५६ साली त्यांना नोकरीवरून काढण्यात आले, कारण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला त्यांनी नकार दिला. त्याच राज्यात चार्ल्स्टन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तेथून ईसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ मजुरांना स्वतःच्या बसने शहरात कामाला नेत. एका प्रवासी बाईने त्यांना गळ घातली, मला मतदार व्हायचे आहे, शिकवा. बस चालू असता आणि सुटायची वाट पाहत उभी असता ते घटनेचा उतारा समजावू लागले. त्या बाईने तो उतारा अक्षर न ओळखता पाठ केला आणि नाव नोंदवून घेतले. पण तिचे समाधान झाले नाही. आता मला खरेच वाचायला शिकवा, असे तिचे म्हणणे होते.

जानेवारी १९५७ मध्ये बेटावर प्रौढांचा वर्ग सुरू झाला. पुढे सहकारी दुकान, मागे दोन खोल्यांत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये. शिकवायला मुद्दाम शिक्षक न घेता सेप्टिमाबाईंच्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना उभे केले. त्यांचा धंदा केस करून देण्याचा. गिऱ्हाईक सगळे आपल्याच लोकांतले, त्यामुळे नोकरी जाण्याची भीती नव्हती. पहिल्या दिवशी त्या लहान मुलांची पुस्तके घेऊन गेल्या आणि लगेच बाजूला ठेवल्या. वर्गालाच विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणाला लष्करातल्या मुलाला पत्र लिहायचे होते, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला टपालाने माल मागवायचा होता, आणि सर्वांना मतदार यादीत नाव घालायचे होते. तेच कागद फळ्याजवळ आले व त्यांच्यावरच अक्षरे, बेरजा आणि राज्यघटना शिकवली गेली. पुढे असे वर्ग दक्षिणेतल्या अनेक राज्यांत निघाले व १९६१ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने ते काम आपल्याकडे घेतले.

१९७६ साली राज्याच्या गव्हर्नरांनी सेप्टिमा क्लार्क यांचे गेलेले निवृत्तिवेतन परत दिले. ज्या चार्ल्स्टनने त्यांना वर्गाबाहेर काढले होते, तेथील जिल्ह्याच्या शालेय मंडळावर मतदारांनी त्यांना दोनदा निवडून पाठवले.