एकदा लावावे, वर्षानुवर्षे खावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'भाषण' असे छापलेले पाहून आमच्या घरी सगळे हसले. स्वयंपाकघरात मी पुष्कळ बोलते, पण व्यासपीठावर उभी राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हा मला जे थोडेफार येते तेवढ्याविषयीच बोलते. विषय आहे आमच्या इमारतीमागचा परस आणि त्यातून आमच्या पातेल्यात येणारी भाजी.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी तो परस पाहिला आहे. येथे ठाण्यात, नौपाड्यात, आमची इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा आहे. लांबी साठ फूट, रुंदी जेमतेम बारा. आम्ही राहायला आलो तेव्हा तेथे बांधकामाचा राडारोडा पडला होता आणि भिंतीच्या कडेला एक जुना फणस उभा होता. माझ्या सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी पदर खोचला, काठीने दोन विटा बाजूला केल्या आणि म्हणाल्या, "अगं, माती आहे की खाली! नुसती वर काढायची." पुढच्या खेपेला गावाहून येताना त्यांच्या पिशवीत अळवाचे कंद, हळदीचे गड्डे, डोळा असलेली सुरणाची फोड आणि शेवग्याची हातभर लांब फांदी होती.

त्यांनी मेथी-कोथिंबिरीचे बी आणले नाही, हे माझ्या पुढे लक्षात आले. मेथी पेरावी, महिन्याभरात उपटावी आणि पुन्हा पेरावी. ती पाहुण्यासारखी येते आणि जाते. अळू, शेवगा, तोंडली, मायाळू ही घरची माणसे. एकदा आली की राहतात. उन्हाळ्यात रुसली तरी पहिल्या पावसाबरोबर परत येतात.

अशा बागेला हल्ली 'वनबाग' म्हणतात. इंग्लंडात श्रॉपशायर परगण्यात रॉबर्ट हार्ट नावाच्या गृहस्थांनी रानासारखी थरांची बाग केली आणि तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी आपल्या केरळातल्या परसांचा आवर्जून दाखला दिला आहे. म्हणजे विद्या आपल्या शेजारची, नाव मात्र परदेशातून आले! गोव्यातली कुळागरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे नवे नाही. वर सुपारी, मध्ये केळ, खोडावर मिरीचा वेल, पायाशी अननस. सगळी एकाच जमिनीत नांदतात.

आमचा परस मी इमारतीसारखाच समजून घेतला. सर्वांत वरच्या मजल्यावर फणस. त्याखाली शेवगा आणि हादगा. त्याखाली केळ आणि कढीलिंब. तळमजल्यावर अळू, हळद, पानओवा आणि गवती चहा. तळघरात सुरण आणि कोनफळ. आणि जिन्यावरून वरखाली करणारी दोन बिऱ्हाडे म्हणजे तोंडली आणि मायाळू. शेवग्याला व तोंडलीला ऊन हवे, ती दक्षिणेच्या बाजूला. अळू, हळद आणि सुरण अर्ध्या सावलीतही समाधानी असतात. भाजी धुतलेले पाणी केळीला जाते. हादगा शेंगांच्या कुळातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळते. गळलेला पाला आम्ही जाळत नाही, झाडांच्याच पायाशी पसरतो. गेल्या कित्येक वर्षांत खताची पिशवी विकत आणलेली मला आठवत नाही.

मात्र शहरातल्या मातीविषयी एक सावधगिरी सांगते. जुन्या इमारतींच्या रंगात शिसे असे, आणि त्याच्या खपल्या भिंतीलगत पडून मातीत मिसळतात. म्हणून पालेभाजी भिंतीला चिकटून लावू नये, गटाराच्या पाण्यावर तर मुळीच नाही. आम्ही भिंतीपासून हातभर जागा सोडली, राडारोडा काढला आणि वर चांगली माती व पालापाचोळ्याचे खत घातले.

आता खाण्याकडे वळते, कारण त्याचीच आपण वाट पाहत असाल.

शेवग्याच्या शेंगा सर्वांना ठाऊक. पण झाडाचा खरा भाजीपाला म्हणजे त्याची पाने. मालवणकडे गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी लागतेच, बरोबर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. कोवळा पाला काड्यांवरून ओरबाडून बारीक चिरावा. कांदा आणि सुकी मिरची फोडणीला घालून भिजवलेली मूगडाळ अर्धी शिजली की पाला घालावा आणि शेवटी ओले खोबरे. फार वेळ शिजवू नये. आमच्या इमारतीतल्या एक बाई औषधांच्या दुकानातून 'मोरिंगा पावडर' आणत असत. डबा पाहिला तर आत शेवग्याचाच वाळवलेला पाला! पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

हादग्याची फुले साधारण भोंडल्याच्या दिवसांपासून मिळू लागतात. आतला दांडा आणि केसर काढून टाकावेत, नाहीतर भाजी कडू होते. मग फुले चिरून, कांद्यावर परतून, वर डाळीचे पीठ पेरावे. केळफुलालाही असाच वेळ द्यावा लागतो. प्रत्येक फुलातला ताठ दांडा आणि त्याच्या बुडाशी असलेले पारदर्शक साल काढून, चिरून, ताकात भिजत घालावे. हे काम चौघींनी गप्पा मारत करावे. एकटीने केले तर कंटाळा येतो. मायाळूच्या व पानओव्याच्या पानांची भजी मुले मागून खातात. हळदीच्या पानात पातोळ्या उकडल्या की सगळ्या जिन्यात वास दरवळतो आणि कोणाला बोलवावे लागत नाही.

अळवाविषयी मात्र मला माझी फजिती सांगितलीच पाहिजे. लेकीचे लग्न ठरल्यावर विहीणबाई पहिल्यांदा जेवायला आल्या. मी मोठ्या हौसेने परसातल्या अळवाचे फदफदे केले. गडबडीत चिंच कमी पडली आणि पानेही पुरती शिजली नव्हती. दोन घास झाले आणि विहीणबाई घशाला हात लावून पाणी मागू लागल्या. सासूबाईंनी आतून ताक आणि गूळ आणून वेळ निभावून नेली. अळवाच्या पानांत आणि सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. उपाय साधा आहे: भरपूर शिजवायचे आणि चिंच, आमसूल किंवा ताक यांचा हात आखडायचा नाही. तेव्हापासून माझे प्रमाण ठरलेले आहे. दहाबारा पाने सोललेल्या देठांसकट, अर्धी वाटी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे, लिंबाएवढी चिंच, त्याला बेताचा गूळ आणि दोन चमचे डाळीचे पीठ. चिरताना हाताला तेल लावावे. वडीचे अळू काळसर देठाचे, भाजीचे हिरव्या देठाचे. आणि ज्याची ओळख नाही ते रानातले पान, कितीही अळवासारखे दिसले तरी, पातेल्यात घालू नये. ओळख पुस्तकाने पटत नाही. जाणत्या बाईबरोबर उभे राहून पाने हातात घेऊनच ती पटते.

भगिनींनो, हे सर्व हौसेचे झाले. आता थोडे मनातले बोलते.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. भाजीची गाडी येईना आणि बाजारात जायची भीती. त्या एप्रिलमध्ये आमच्या परसात शेंगा लोंबत होत्या, तोंडली लागली होती, फणसाच्या कुयऱ्या काढायला आल्या होत्या आणि केळीने कोका टाकला होता. आम्ही सकाळी जिन्याच्या कठड्यावर टोपली ठेवत असू. आठही बिऱ्हाडांनी एकेकाने यावे आणि आपापले घेऊन जावे. पोट भरण्याइतके ते नव्हते, पण रोजच्या डाळभाताला सोबत झाली. सासूबाई तेव्हा होत्या. खिडकीत बसून त्या कोण काय नेतो ते पाहत आणि तेथूनच पाककृती सांगत. दोन वर्षांनी त्या गेल्या.

२०२३ साली इमारतीच्या सभेत ठराव आला की मागच्या अर्ध्या पट्ट्यावर ब्लॉक बसवून गाड्यांची सोय करावी. गाड्या वाढल्या होत्या, अडचण खरीच होती. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंट येतात, फांद्या मोडतात, डास होतात, अशाही तक्रारी झाल्या. मी त्या सभेत बसले होते. भाजीपाल्याविषयी सभेत काय बोलायचे, लोक हसतील, असे मनात आले आणि मी गप्प राहिले. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझेही मत होते.

हळद आणि सुरण त्या अर्ध्या पट्ट्यात होते. पुढच्या जूनमध्ये ब्लॉकच्या कडेने सुरणाचा एक कोंब वर आला. तो गाडीच्या चाकाखाली गेला. आणि पूर्वी जे पाणी मातीत मुरत असे ते आता तळमजल्यावरच्या आजींच्या उंबऱ्याशी साचू लागले.

फणस तोडायचा तर परवानगी लागते; शहरातली झाडे जतन करण्याचा १९७५ सालचा कायदा आहे. अळवासाठी, हळदीसाठी असा कायदा नाही. त्यांच्या बाजूने आपणच बोलायला हवे.

पुढच्या महिन्यात आमची वार्षिक सभा आहे आणि उरलेल्या अर्ध्या पट्ट्याचा विषय पत्रिकेवर आहे. या वेळी मी बोलणार आहे. भांडणार नाही, तक्रारींची उत्तरे घेऊन जाणार आहे. शेवगा शेंगा संपल्यावर, पावसाच्या आधी, डोक्याच्या उंचीवर छाटला तर फांद्या मोडत नाहीत आणि पालाही हाताशी येतो. सुरवंट दिवसा खोडावर एकत्र बसतात. तेव्हाच, अंगाला न लावता, काठीने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडावेत. डास मातीत होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात. तेव्हा डबे आणि करवंट्या उपड्या ठेवाव्यात. हे काम माझ्याकडे, असे मी लिहूनच देणार आहे. मागच्या रांगेत आमच्या इमारतीतले दोघेतिघे बसले आहेत. त्यांनी हे आजच ऐकून ठेवावे, म्हणजे सभेत माझा आवाज कापला तरी मुद्दे पोहोचलेले असतील.

काय निर्णय होईल तो होवो. परंतु या झाडांचा एक गुण सासूबाई नेहमी सांगत: ती वाटल्याने कमी होत नाहीत. अळवाचा कंद, केळीचा मुनवा, तोंडलीची काडी, कढीलिंबाच्या बुडाशी फुटलेले रोप यांतले काही ना काही दुसरीला देता येते. ज्यांना जमीन नाही त्यांनी गॅलरीत मोठ्या डब्यात अळू, पानओवा आणि मायाळू लावावीत. घाई मात्र करू नये. पी हळद आणि हो गोरी, असे परसात होत नाही. पहिले वर्ष मुळे धरण्यात जाते.

दाराशी मी दोन टोपल्या ठेवल्या आहेत. एकीत कंद आणि काड्या आहेत, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी बांधली आहे. दुसरीत पातोळ्या आहेत. दुसरी टोपली आधी संपेल हे मला ठाऊक आहे. पण पहिलीतले काहीतरी उचलल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये, एवढीच माझी विनंती. उद्या आमचा परस राहिला नाही, तर त्यातले अळू मी तुमच्याकडे मागायला येईन.