हिरवळीवरचे यंत्र आणि सुरक्षिततेची शिस्त



इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० साली हिरवळ कापण्याचे यंत्र तयार केले, तेव्हा ते माणसाने ढकलायचे होते. आज अमेरिकेतील अंगणांत आणि भारतातील गोल्फच्या मैदानांवर दिसणारे, आसनावर बसून चालवायचे लॉन मोअर मात्र आकाराने लहान असले तरी गुणधर्माने ट्रॅक्टरच आहे, आणि त्याला केवळ बागकामाचे अवजार समजले की अपघाताची वाट मोकळी होते.

या यंत्राची पाती ज्या पोलादी कवचाखाली आडवी फिरतात, त्याला डेक म्हणतात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांहून अधिक नसावा, असे अमेरिकी मानक सांगते. ही मर्यादा ताशी सुमारे ३४७ किलोमीटर भरते, आणि एवढ्या वेगाच्या पात्याचा तडाखा बसलेला खडा किंवा तारेचा तुकडा दूरवरच्या माणसालाही जायबंदी करू शकतो. म्हणून कापणीपूर्वी मैदानावर पायी फिरून असे खडे व तुकडे वेचून घेणे, गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडावरचे झाकण कधीही न काढणे, आणि डेकमध्ये ओले गवत अडकल्यास इंजिन बंद करून, किल्ली काढून, पाती पूर्ण थांबल्यावरच त्याला हात लावणे, हे नियम अपवादाविना पाळावे लागतात.

चालक आसनावरून उठताच पाती थांबावीत, यासाठी आसनाखाली एक स्विच बसवलेला असतो. वारंवार उतरावे लागते म्हणून हा स्विच तारेने जोडून निकामी करण्याची जी प्रवृत्ती आढळते, ती या विषयातील सर्वांत घातक बाब मानली पाहिजे. कारण चालक तोल जाऊन खाली पडतो, नेमक्या त्याच क्षणी पाती थांबवणारी व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने मोडून ठेवलेली असते.

दुसरा मोठा धोका उताराचा. अनेक उत्पादक १५ अंशांहून तीव्र उतारावर हे यंत्र नेण्यास मनाई करतात. १५ अंश म्हणजे आडव्या १० फुटांमागे सुमारे २.७ फुटांचा चढ, जो नजरेला फारसा तीव्र वाटत नाही. ढकलायचे यंत्र उतारावर आडवे चालवतात, तर बसून चालवायचे यंत्र सामान्यतः वर-खाली चालवतात, कारण ते आडवे नेल्यास कुशीवर उलटण्याचा संभव वाढतो. यंत्र उलटले तरी चालकाभोवती जागा राखणारी पोलादी कमान उभी असेल, तर आसनाचा पट्टा बांधलाच पाहिजे. कमान दुमडलेली असेल किंवा नसेलच, तर पट्टा चालकाला यंत्राखाली जखडून ठेवतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर उलटण्याने होणारे मृत्यू तेथे झपाट्याने घटले, हे रचनेतून येणाऱ्या सुरक्षिततेचे ठळक उदाहरण आहे.

मुलांविषयी तडजोड नसावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखालील मुलांनी हे यंत्र चालवू नये असे सांगते. मुलाला मांडीवर बसवून फेरी मारणे हे वरवर कौतुकाचे वाटते. परंतु त्यातून यंत्राचे भय सरते, आणि तेच मूल पुढे यंत्राच्या आवाजाकडे धावत येते, तर चालक मागे न पाहता यंत्र मागे घेत असतो. म्हणून मूल आवारात दिसताच पाती थांबवावीत, आणि यंत्र मागे घेण्यापूर्वी मागे व खाली पाहावे.

महाराष्ट्रात अशी यंत्रे मोजक्याच ठिकाणी असली, तरी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व मळणी यंत्रे शिवारोशिवारी आहेत आणि त्यांचे धोके याच जातीचे आहेत. मळणी यंत्रात हात गमावणाऱ्यांचा प्रश्न गंभीर झाल्यावर भारताने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. परंतु कायद्याने बसवलेले संरक्षक आवरण खळ्यावर काढून ठेवले जाते, तेव्हा कायदा कागदावरच राहतो.

या परिषदेची भूमिका स्पष्ट असावी. सुरक्षितता आधी यंत्राच्या रचनेत आणि मग चालकाच्या सवयीत असली पाहिजे. उत्पादकांनी सूचनापुस्तिका चालकाला कळेल अशा मराठीत द्यावी, संस्थांनी प्रशिक्षणाविना कोणालाही आसनावर बसवू नये, आणि कोणतेही संरक्षक साधन निकामी झालेले आढळल्यास ते दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार खुद्द चालकाला, त्याची मजुरी न कापता, देण्यात यावा.