स्त्रीच्या नावचे कर्ज
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, उल्हासनगर कॅम्प १ येथे महिला-शाखेच्या वतीने केलेले भाषण)



विद्या, विवाह आणि शिष्यवृत्ती यांविषयी या व्यासपीठावरून दरवर्षी बोलले जाते. कर्जाविषयी मात्र आपण दबक्या आवाजातच बोलतो. म्हणूनच आज हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. गटकर्जाचा हप्ता आपल्या वस्तीस नवा नाही. कर्ज बहुधा स्त्रीच्या नावावर असते. पण त्या पैशाचा विनियोग कोण करतो, हे आपण क्वचितच विचारतो.

स्त्रीच्या हाती पडलेला पैसा संसारास लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्यास आधार नाही असे नव्हे. बांगलादेशाविषयी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, स्त्रीस दिलेल्या दर १०० टका कर्जामागे घरखर्चास १८ टक्यांची भर पडली. पुरुषाच्या बाबतीत ती ११ टक्यांचीच होती. पुढे या आकड्यांवर पंडितांत बराच वाद झाला. त्याच देशातील १९९६ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने तर दाखवून दिले की, स्त्रियांच्या नावावरील कर्जांपैकी पुष्कळांचा कारभार घरातील पुरुषच पाहत होते.

श्रीलंकेत छोट्या धंदेवाल्यांस भांडवल देऊन पाहिले, तेव्हा पुरुषांचा नफा वाढला, स्त्रियांचा वाढला नाही. यावरून स्त्रीस व्यापार जमत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु २०१९ साली भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहिती पुन्हा तपासली गेली, तेव्हा खरे कारण उमगले. ज्या घरात पतीचाही धंदा होता, तेथे पत्नीचे भांडवल त्या धंद्यात गेले होते. ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच होती, तेथे तिचा नफा पुरुषाच्या तोडीचा होता. म्हणजे उणीव स्त्रीच्या बुद्धीत नव्हती; पैसाच तिच्या धंद्यापर्यंत पोहोचला नव्हता.

आपल्या मुंबईनेही हेच दाखविले आहे. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. तीच आजची लिज्जत संस्था. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांना एकत्र आणून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. दोन्ही ठिकाणी धंदा तिचा होता, आणि पैसाही तिच्याच हाती होता.

पत्नीचे कर्ज पतीच्या दुकानी लागले तर त्यात पाप आहे, असे मी म्हणत नाही. संसार दोघांचा आहे. परंतु दुकान त्याचे, नफा त्याचा, आणि हप्ता चुकला म्हणजे गटासमोर मान खाली घालावयाची तिने, हा न्याय नव्हे. एकीचा हप्ता थकला की शेजारणींवर भार पडतो आणि वर्षांचे घरोबे तुटतात.

तेव्हा माझी तीन मागणी आहेत. सही करण्यापूर्वी पैसा कशास आणि कोणाच्या धंद्यास लागणार, हे पतिपत्नींनी एकत्र बसून लिहून ठेवावे. पैसा पतीच्या धंद्यात गेला तर हप्ता त्या धंद्याच्या गल्ल्यातूनच निघावा. आणि बँकेचे पुस्तक जिच्या नावावर कर्ज आहे तिच्याच पेटीत राहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कर्जास तारण लागत नाही, आणि घरातील सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. ही मर्यादा प्रत्येक भगिनीने ध्यानी ठेवावी.

आपल्या मंडळाने वर्षातून एकदा हिशेब शिकविणारा वर्ग भरवावा, आणि त्यास बंधूंनीही आवर्जून बसावे. कारण कर्जाच्या कागदावर सही एकीची असली, तरी त्याचे ओझे साऱ्या घराने उचलावयाचे असते.